रिकामा वेळ आणि सवड : पाटोदा तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा विचार

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलापाशी वेळ भरपूर असतो, अशी समजूत आपल्याकडे खेड्यापाड्यांतून पुष्कळ रूढ आहे. शाळेतला मुलगा ठरल्या वेळी जातो आणि ठरल्या वेळी येतो. महाविद्यालयातल्या मुलाचे मात्र जाणे-येणे अनियमित, शिवाय सुट्या लांबलचक, असे पालक बोलून दाखवतात. उलटपक्षी त्याच मुलाला अध्यापकाने विचारावे, की ग्रंथालयात का दिसत नाहीस, तर ‘सर, वेळच मिळत नाही’ हे उत्तर बहुधा ठरलेले असते. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत, आणि त्यांतील एक खोटे असले पाहिजे असे प्रथमदर्शनी वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू असा दाखवण्याचा आहे, की पाटोद्यासारख्या डोंगराळ व कोरडवाहू तालुक्यापुरती तरी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पालक एक गोष्ट मोजत असतो आणि विद्यार्थी दुसरीच.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. ‘रिकामा वेळ’ म्हणजे ज्यात काही ठरलेले काम नाही तो वेळ. या शब्दाला थोडा दोषाचा वास आहे. ‘रिकामटेकडा’ हे त्याचेच भावंड. ‘उसंत’ म्हणजे दोन कष्टांच्या मधे घेतलेला श्वास. ती कष्टावर अवलंबून असते आणि कष्टासाठीच असते. ‘फुरसत’ हा अरबी मूळचा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आला आणि निजामी अमलात राहिलेल्या मराठवाड्यात तो विशेष घरगुती झाला. ‘सवड’ हा शब्द मात्र या सर्वांहून निराळा आहे. सवड मिळते, तशी ती काढताही येते. एखादे काम आपण ‘सवडीने’ करतो, म्हणजे आपल्या मर्जीने निवडलेल्या वेळी करतो. ‘रिकामेपणाने’ काम करतो असे कोणी म्हणत नाही. सारांश, रिकाम्या वेळात काम नसते एवढेच. सवडीत वेळेवर आपली सत्ता असते. अभ्यासाला, वाचनाला, खेळाला, मित्रांशी निवांत बोलण्याला लागते ती सवड. निव्वळ रिकामा वेळ त्या कामी फारसा येत नाही.

विद्या आणि सवड यांचा संबंध जुना आहे. युरोपीय भाषांतील ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थच निवांतपणा असा होता. आपल्याकडे धर्मसूत्रांत व स्मृतींत ‘अनध्याया’चे दिवस सांगितले आहेत : अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, मेघगर्जना, अतिवृष्टी, आणि असे पुष्कळ प्रसंग. त्यांची कारणे आज कोणाला पटोत वा न पटोत. अनध्याय हा अध्ययनाच्याच नियमांचा एक भाग होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिकणाऱ्याच्या वेळेत न शिकण्याचा वेळ धरलेला होता.

आता आजच्या नियमांकडे वळू. विद्यार्थ्याकडून किती वेळाची अपेक्षा आहे, हे हल्ली श्रेयांकांत, म्हणजे ज्याला वर्गात सारे जण क्रेडिट म्हणतात त्या एककात, मांडले जाते. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि त्यांचे ४० श्रेयांक असे मान धरले आहे. म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. यातील तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकामागे वर्गातील अध्यापन १५ तासांचे असते; उरलेले तास विद्यार्थ्याने स्वतः वाचावे, लिहावे, उजळणी करावी, असे गृहीत आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार रचलेला अभ्यासक्रम २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला सुरू झाला, व त्यात एका सत्राचे सर्वसाधारण ओझे २२ श्रेयांकांचे आहे. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास. अध्यापनाचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला ४४ तास. त्यांपैकी सुमारे २२ वर्गातले आणि २२ स्वाध्यायाचे. (प्रात्यक्षिके असलेल्या शाखांत वर्गातले तास वाढतात, विवेचनाच्या सोयीसाठी येथे कला शाखा डोळ्यांसमोर ठेवली आहे.) युरोपातील विद्यापीठांच्या समान श्रेयांकपद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक आणि प्रत्येकी २५ ते ३० तास, म्हणजे १५०० ते १८०० तास धरतात. त्या मानाने आपली अपेक्षा सौम्यच म्हणावी लागेल.

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोपेचे, म्हणजे ५६. स्नान, जेवण इत्यादी देहधर्मांना रोज तीन तास, म्हणजे २१. बाकी राहिले ९१. त्यातून अभ्यासाचे ४४ वजा केले की उरतात ४७ तास, म्हणजे रोजचे सुमारे पावणेसात तास. शिवाय अध्यापनाचे दिवस विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दंडकानुसार वर्षाला किमान १८०. राहिलेले दिवस परीक्षांचे आणि सुट्यांचे. कागदावर पाहता पालकांची बाजू बिनतोड ठरते.

परंतु ही वजाबाकी कागदावरची आहे. माणसाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे मोजण्याचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत वाढले. १९२०च्या दशकात स्त्रुमिलिन याने सोव्हिएत रशियातील कामगार कुटुंबांच्या वेळेचे अंदाजपत्रक तयार केले. पुढे १९६०च्या दशकात आलेक्झांडर सालाई या हंगेरियन समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली बारा देशांत एकाच पद्धतीने पाहणी झाली आणि तिचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. साऱ्या देशाची पहिली वेळ-वापर पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली आणि दुसरी २०२४ मध्ये. तिची रीत सोपी आहे : पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतच्या चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात काय केले हे त्या व्यक्तीला विचारून नोंदवायचे.

या शास्त्रातील एक वर्गीकरण आपल्या कामाचे आहे. दागफिन ओस या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९७८ साली वेळेचे चार भाग सांगितले. झोप-जेवणाचा तो आवश्यक वेळ. नोकरीचा किंवा शिक्षणाचा तो कराराने बांधलेला वेळ. घरकाम, मुलांचे संगोपन यांचा तो बांधिलकीचा वेळ. आणि या तिन्ही वजा जाता जो उरतो तो मोकळा वेळ. आपण वर केलेल्या हिशेबात पहिले दोन भाग घेतले आणि तिसरा सोडून दिला, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या, घरून पैसे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक लहान ठरते. पाटोद्याच्या बाबतीत ती फार मोठी आहे, आणि तिच्यात एका पाचव्या भागाची भर पडते. त्याचे नाव वाट पाहणे.

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यात, गवळवाडीजवळ. नदी येथे जन्मते खरी, परंतु तिच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनी पुढे खालच्या अंगाला. उगमाच्या गावांच्या वाट्याला उतार आणि मुरमाड रान. शेती मुख्यतः पावसावर. बाजरी, तूर, उडीद, अलीकडे सोयाबीन व कापूस, आणि रब्बीची ज्वारी. जामखेडहून मांजरसुंब्याकडे जाणारा मोठा रस्ता पाटोद्यावरून जातो, गावात राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे, आणि महाविद्यालयीन शिक्षणाची सोयही झालेली आहे. बीड येथून मांजरसुंब्यामार्गे साधारण पन्नास किलोमीटरवर. थोडक्यात, पूर्वी पदवीसाठी जिल्हा किंवा विद्यापीठाचे शहर गाठावे लागे, ते आता तालुक्यातच साधते. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ), तेव्हा जे अंतर दुर्लंघ्य होते, ते आज गाडीच्या एका फेरीवर आले. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. मात्र त्यामुळे विद्यार्थी घरात राहून शिकू लागला, आणि घरात राहून शिकणे म्हणजे घराच्या कामात राहून शिकणे, हा तिचा दुसरा परिणाम फारसा कोणी लक्षात घेतला नाही.

प्रथम गाडीचे पाहू. मोठ्या रस्त्यावरच्या गावाचे एक ठीक असते. आडरस्त्याच्या गावाला मात्र दिवसाच्या एक-दोन फेऱ्या. समजा, अशा गावातील विद्यार्थ्याला गाडी सकाळी आठला पाटोद्यात उतरवते. पहिला तास दहाला. शेवटचा तास पावणेदोनला संपतो आणि परतीची गाडी पावणेपाचला. म्हणजे सकाळी दोन आणि दुपारी तीन असे रोज पाच तास तो पाटोद्यात आहे, पण वर्गात नाही. सहा दिवसांचे ३० तास. शिवाय जाण्या-येण्याला रोज दोन तास धरले, तर आठवड्याचे १२. हे उदाहरण केवळ हिशेबासाठी घेतले आहे. वेळा गावागणिक बदलतील, परंतु घाट तोच राहील.

या तीस तासांना काय म्हणावे? पालकांच्या दृष्टीने हा रिकामा वेळ आहे, आणि तो आहेही. मुलगा स्थानकावर उभा असतो, चहाच्या टपरीपाशी बसतो, हातातल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटे फिरवतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो रिकामटेकडा दिसतो. पण ही सवड नव्हे. गाडी चुकली तर दुसरी नाही, म्हणून तो स्थानकापासून लांब जाऊ शकत नाही. फलाटावर दिवसाउजेडीही धड वाचता येत नाही. महाविद्यालयाची इमारत तास संपल्यावर ओस पडू लागते. आणि सार्वजनिक ग्रंथालये पुष्कळ ठिकाणी सकाळी व सायंकाळी उघडी असतात आणि नेमकी दुपारी बंद. मुलींची अडचण आणखी वाढते. मुलगा निदान टपरीवर बसू शकतो. मुलीने तीन तास कोठे बसावे, हा प्रश्न आपल्या तालुक्याच्या गावांनी अद्याप आपला मानलेला नाही.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. आवश्यक वेळ वजा जाता ९१ तास. वर्ग २२, स्वाध्याय २२, प्रवास १२, वाट पाहणे ३०. बाकी ५ तास. याउपर घरकाम आणि शेतकाम रोजचे केवळ तीन तास धरले (आणि कोरडवाहू कुटुंबात हे फार कमी धरणे आहे), तरी आठवड्याला २१ तास होतात. हाती येते ती १६ तासांची तूट. चोवीस तासांच्या दिवसात तूट राहू शकत नाही. ती कोठून तरी भरून काढावी लागते. घरचे काम टळत नाही, गाडी लवकर येत नाही, वर्गाला हजेरीची अट असते. राहतात दोनच : झोप आणि स्वाध्याय. त्यांपैकी कोणता आधी कापला जातो हे अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु याच आकड्यांतून दुसरी एक गोष्ट निघते, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. वाट पाहण्याच्या ३० तासांपैकी २२ तास जर स्वाध्यायाला देता आले, तर स्वाध्यायाचे वेगळे तास हिशेबात धरावे लागत नाहीत, आणि सोळाच्या तुटीऐवजी सहा तासांची शिल्लक पडते. विद्यार्थ्याचे श्रम वाढवले नाहीत, घरचे काम कमी केले नाही, नवी गाडी सोडली नाही. फक्त पाटोद्यात दोन वेळा उघडी असणारी एक खोली, चार बाके, पंखा आणि पिण्याचे पाणी मिळाले. रिकामा वेळ सवडीत रूपांतरित होतो तो असा. आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार अध्यापकाने महाविद्यालयात दररोज किमान पाच तास उपलब्ध असले पाहिजे. विद्यार्थ्याच्या वाट पाहण्याचे तासही आपल्या उदाहरणात पाचच आले आहेत. या दोन पाचांची गाठ वेळापत्रकात पडत नाही, एवढेच.

गाडीचा प्रश्न वर्षभराचा. हंगामाचा त्याहून बिकट. पहिले सत्र पावसाळ्याबरोबर चालते. खुरपणी, उडदा-मुगाची तोडणी, पुढे सोयाबीन व बाजरीची काढणी, बालाघाटच्या उतारावरच्या सीताफळांची तोडणी, ही सारी कामे त्या सत्राच्या पोटात येतात. त्यांना एक-दोन दिवसांची दांडी पुरते. अध्यापकही ती समजून घेतात. दुसऱ्या सत्राची गोष्ट निराळी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड जिल्ह्यातील, आणि त्यात पाटोद्यासारख्या डोंगरपट्ट्यातील, कुटुंबे या हंगामात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता मानला जातो, आणि एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. घरात लग्नाचा, आजारपणाचा किंवा विहिरीचा खर्च निघाला की उचल वाढते, आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा अर्धा कोयता म्हणून टोळीत चालू लागतो.

येथे विद्यापीठाचे आणि उसाचे पंचांग समोरासमोर येतात. दुसऱ्या सत्रात अध्यापनाचे दिवस नव्वदाच्या आसपास. हजेरीची अट सर्वसाधारणपणे ७५ टक्के. म्हणजे गैरहजेरीची मुभा बावीस दिवसांची. हंगाम चार ते पाच महिन्यांचा. या दोन आकड्यांत तडजोडीला जागाच नाही. फडातल्या दिवसाबद्दल ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगितले पाहिजे, की तोड पहाटे अंधारात सुरू होते, दिवसभर तोडून मोळ्या बांधायच्या, आणि गाडी भरण्याची वेळ वाहन येईल ती. ते रात्री आले तर रात्री. तेथे ‘सुटीचा दिवस’ ठरलेला नसतो. कारखाना बंद पडला, पाऊस आला, वाहन नादुरुस्त झाले, तर उसंत मिळते. खोपीत पुस्तक नेणारे विद्यार्थीही असतात. पण उसंतीत फार तर झोप पुरी होते.

जो विद्यार्थी तोडीला जात नाही, त्याचे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आईवडील गेल्यावर मागे आजी-आजोबा, धाकटी भावंडे, एक-दोन शेळ्या किंवा दुभते जनावर, आणि रब्बीची ज्वारी असते. हे सगळे राखण्याचे काम अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. हजेरीपटावर त्याचे नाव असते, तो येतोही. परंतु तो आता विद्यार्थी कमी आणि कुटुंबप्रमुख अधिक. धाकट्यांचे डबे, आजोबांचे औषध, पाण्याच्या टँकरची पाळी, रात्रीची राखण. उपस्थितीच्या आकडेवारीत या विद्यार्थ्याची अडचण अजिबात दिसत नाही. ती फक्त निकालात दिसते, आणि तेथे तिचे कारण अभ्यासातील दुर्लक्ष असे लावले जाते.

हे मागे राहण्याचे काम मुलीवर अधिक पडते, याला पाहणीचाही दुजोरा आहे. २०२४च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांनी घरच्यांसाठी विनामोबदला केलेल्या घरकामाचा वेळ दिवसाला २८९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ८८ मिनिटे. हे आकडे समजून घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते : ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. २०१९च्या पाहणीत अशा स्त्रिया शंभरातील ८१ होत्या आणि पुरुष केवळ २६. म्हणून साऱ्या लोकसंख्येची सरासरी काढली, तर अंतर आणखी रुंदावते. उलट मनोरंजन, खेळ, वृत्तपत्रे व दूरदर्शन यांच्या वेळात पुरुषांची १७७ आणि स्त्रियांची १६४ मिनिटे, म्हणजे फरक वरवर अल्प. हा अल्प फरक फसवा आहे, असे माझे मत आहे. शेळीमागे फिरत मोबाइलवर व्याख्यान ऐकणारी, किंवा चुलीवर भाकरी टाकत टाकत तोंडी उजळणी करणारी मुलगी एका अर्ध्या तासात दोन कामे करीत असते. पाहणीत अशा दुहेरी नोंदीची सोय ठेवलेली आहे, पण तिची सवड किती, हे ती नोंद सांगू शकत नाही. वेळ मोकळा असेल, लक्ष मोकळे नसते.

स्पर्धापरीक्षांचा येथे ओझरता उल्लेख करतो. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावणारी मुले मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. त्यांचा वेळ पदवीच्या अभ्यासाशी भांडतो हे खरे. परंतु तो त्यांनी स्वतः निवडलेला वेळ आहे, आणि त्या अर्थाने ती सवडच आहे. तिची गणना तक्रारींत करू नये.

विद्यार्थ्याच्या वेळेला शिक्षणसंस्थेनेच वळण द्यावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. वेळापत्रक संस्थेच्या सोयीने करायचे, की ज्याला शिकायचे आहे त्याच्या पोटापाण्याच्या वेळा पाहून, हा तो प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर घड्याळ हलवून दिले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तेथे विद्यार्थ्याचे श्रम शिक्षणाच्या आवारात आणले गेले, जेणेकरून श्रमासाठी शिक्षण सोडावे लागू नये. आज ही योजना विद्यापीठांतून चालते, परंतु तिचा लाभ प्रायः आवारात किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांना होतो. १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा ठेवते. ही अपेक्षा विद्यार्थ्यापाशी दान करण्याजोगा वेळ आहे असे धरून चालते. ज्याच्यापाशी तो नाही, अशाने टँकरच्या रांगेत घालवलेले तास समाजसेवेत का धरू नयेत, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर उत्तर देणे सोपे नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आखली. तीत ४१ तालुक्यांत मुलांचे व मुलींचे मिळून ८२ वसतिगृहे योजलेली आहेत, आणि पाटोदा त्या तालुक्यांपैकी एक. वसतिगृहाचा उपयोग राहण्या-जेवणापुरता मानला जातो. वेळेच्या दृष्टीने पाहिले, तर ते विद्यार्थ्याच्या आठवड्यातून प्रवासाचे बारा, वाट पाहण्याचे तीस आणि घरकामाचे एकवीस तास एका घावात काढून टाकते. शालेय मुलांना त्याची गरज आहेच. पण मागे घर राखणाऱ्या मुलीला त्याचा लाभ तेव्हाच होईल, जेव्हा तिच्या धाकट्या भावंडांनाही तेथेच जागा मिळेल. एकटीला प्रवेश दिला, तर ती तो घेणार नाही.

राज्य परिवहनचा संप नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा या तालुक्यांतील विद्यार्थ्याचा दिवस गाडीवर किती टेकलेला आहे हे उघड झाले. परंतु त्या काळातही वर्गांच्या वेळा आणि गाड्यांच्या वेळा एकत्र बसून ठरवाव्यात, असा पायंडा पडला नाही. वस्तुतः आगारप्रमुख आणि प्राचार्य एकाच गावात असताना, सत्रारंभी दोघांनी दोन कागद शेजारी ठेवण्याला कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नसते.

विभागाने या विषयाची पाहणी हाती घ्यावयाची, तर ती एका आठवड्याची असून चालणार नाही. ऑगस्टमधला एक आठवडा आणि जानेवारीतला एक, अशा दोन नोंदी एकाच विद्यार्थ्याकडून घ्याव्या लागतील. राष्ट्रीय पाहणीचे अर्ध्या तासाचे तुकडे तसेच ठेवावेत. मात्र ‘वाट पाहणे’ हे सदर स्वतंत्र असावे, आणि त्याखाली ती कोठे पाहिली, बसायला जागा होती काय, उजेड होता काय, हे विचारावे. मागे राहिलेल्यांसाठी, घरात त्या आठवड्यात मोठे माणूस कोण होते, हा एक प्रश्न पुरे. जानेवारीची पत्रके वर्गात वाटून भागणार नाही. काही बाके रिकामी असतील, आणि त्यांवर बसणाऱ्यांची पत्रके फडावर जाऊन, अथवा रात्री गाडी भरून झाल्यावर दूरध्वनीवरून, त्यांच्याच तोंडून भरून घ्यावी लागतील.